पोस्टर बघून हात शिवशिवतात, असे तुमचे डिझायनर कोण?

रेघोटी

मी पुस्तकांची मुखपृष्ठं आणि कार्यक्रमांची पोस्टर्स करते. काम अडलं की ठरावीक चार-पाच जणांची पोस्टर्स उघडून बसते आणि बहुतेक वेळा थोड्या वेळाने पेन्सिल आपोआप हातात येते. इथे चित्रकार आहेत, अक्षरकार आहेत, छपाईवाले आहेत, नुसते आवडीने बघणारेही आहेत. म्हणून विचारते : तुम्हाला कामाला लावणारे पोस्टरकार किंवा ग्राफिक डिझायनर कोण? अट एकच, नुसतं नाव टाकून जाऊ नका. त्या माणसाकडून तुमच्या कामात नेमकं काय आलं तेही लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. लूशियन बर्नहार्ड. बर्लिनमध्ये १९०५ च्या सुमारास 'प्रीस्टर' नावाच्या काडेपेट्यांसाठी पोस्टर स्पर्धा होती आणि बर्नहार्ड तेव्हा विशीतला पोरगा होता. पहिल्या कच्च्या चित्रात त्याने टेबल काढलं, त्यावर चौकड्यांचं कापड, राखेची वाटी, तीत पेटती सिगार, शेजारी काड्या आणि सिगारच्या धुरातून उमटलेल्या नाचणाऱ्या बायका. एका मित्राने ते बघून म्हटलं, सिगारची जाहिरात छान झालीय! मग बर्नहार्ड एकेक गोष्ट पुसत गेला. बायका गेल्या, धूर गेला, सिगार गेली, शेवटी टेबलही गेलं. गडद पार्श्वभूमीवर दोन जाडजूड काड्या उरल्या, लाल दांड्याच्या आणि पिवळ्या गुलाच्या, आणि वर ठसठशीत अक्षरांत 'प्रीस्टर'. परीक्षकांनी ते टोपलीत टाकलं होतं, उशिरा पोचलेल्या एका परीक्षकाने बाहेर काढलं आणि त्यालाच पहिलं बक्षीस मिळालं, अशी गोष्ट सांगतात. जर्मन पोस्टरकलेत पुढे या पद्धतीचा एक संप्रदायच झाला.

मी त्याच्याकडून पुसायला शिकले. कच्चं चित्र झालं की त्यातली एकेक वस्तू बोटाने झाकून बघते. झाकल्यावर काही बिघडलं नाही, तर ती वस्तू जाते. माझ्या बऱ्याच मुखपृष्ठांवरून अशी फुलं, खिडक्या आणि पाठमोऱ्या बायका गेलेल्या आहेत.

अर्धविराम

जागा धरून ठेवतो. कासांद्र! सविस्तर रात्री लिहितो.

कागदीबाण

पाठमोऱ्या बायका गेल्या हे फार चांगलं झालं. मराठी कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवर त्यांची संख्या चिंताजनक झाली होती.

जुनाब्रश

आमच्या पिढीला कमर्शियल आर्ट शिकताना परदेशी पुस्तकं लायब्ररीतल्या कपाटात, काचेआड दिसायची. डोळ्यांसमोर रोज होते ते दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. मुळगावकरांचा एअरब्रश, ती गुळगुळीत कांती, कुठेही फटकारा दिसायचा नाही. दलालांकडे उलट. रेषा जिवंत आणि रंग मोजके. दोघांची मुखपृष्ठं शेजारी ठेवली तर एकाच काळात, एकाच वाचकासाठी दोन किती वेगळ्या वाटा असू शकतात ते कळतं. त्यांच्याही आधी, मूकपटांच्या काळात, बाबूराव पेंटर स्वतःच्या चित्रपटांची पोस्टर्स स्वतः रंगवत होते. हे नाव धाग्यात यायलाच हवं.

पण माझा हात घडवला तो कमल शेडगे यांच्या अक्षरांनी. वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिरातींचं पान असायचं. सगळं काळंपांढरं, एकेका नाटकाला काही बोटांची जागा आणि शेजारी दहा जण ओरडतायत. त्या गर्दीत नाटकाचं नाव वाचण्याआधीच ओळखू यायचं. नाटक विनोदी आहे की काळजाला हात घालणारं, ते अक्षरांच्या अंगावरूनच समजायचं. पुढे मीही लेटरिंगची कामं केली. नाव मोठ्या आकारात काढायचं, मग कॅमेऱ्यावर लहान करून ब्रोमाइड, म्हणजे फोटो-कागदावरची प्रत, काढायचं. लहान करताना कडा घट्ट होतात, बारीक थरथर नाहीशी होते, पण अक्षरांच्या पोटातल्या जागाही बुजतात. 'ष'ची आडवी तिरपी रेघ आणि 'ध'ची गाठ हमखास भरून जायची. म्हणून मोठं काढतानाच त्या जागा गरजेपेक्षा जास्त मोकळ्या ठेवायच्या. शेडग्यांची अक्षरं भिंग लावून बघा, त्या पोकळ्या किती विचाराने सोडल्यात ते दिसेल. मी त्यांच्याकडून घेतली ती ही पोकळीची काळजी. आज संगणकावर काम करतो तरी पहिली नजर अक्षराच्या आत जाते.

निळीशाई

जुनाब्रश, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. वाचनखूण साठवली आहे.

ग्रिडवाला

माझं उत्तर कोणालाही अनपेक्षित वाटणार नाही : योझेफ म्युलर-ब्रोकमान. झुरिकच्या टोनहाले या संगीतसभागृहासाठी त्यांनी वर्षानुवर्षं पोस्टर्स केली. त्यातलं १९५५ चं बेथोव्हेनचं पोस्टर माझ्या टेबलासमोर आहे. पांढऱ्या जागेभोवती काळ्या कमानी फिरत बाहेर जातात. आतली पट्टी बारीक, पुढची तिच्या दुप्पट, मग त्याच्या दुप्पट. प्रत्येक कमान कुठे सुरू होणार आणि कुठे तुटणार तेही सव्वाअकरा अंशांच्या पटीत ठरलेलं. मजकूर अगदी लहान, एका बाजूला. वाद्य नाही, बेथोव्हेनचे विस्कटलेले केस नाहीत. तरी बघताना आवाज वाढत गेल्याचा भास होतो.

यातून मी शिकलो की मोजमाप आधी ठरवलं की हात मोकळा होतो. कोऱ्या कागदावर काहीही कुठेही ठेवता येतं, म्हणूनच काही सुचत नाही. सहा रकाने आणि आठ ओळींची जाळी, म्हणजे ग्रिड, आखला की निर्णय अर्ध्यावर येतात आणि उरलेल्या अर्ध्या निर्णयांना पुरेसा वेळ देता येतो.

निळीशाई

ग्रिडवाला, बेथोव्हेनच्या पोस्टरबद्दल वाद नाही. पण त्या स्विस घराण्याचं अनुकरण करणारी हजारो पोस्टर्स बघितली की मला गारठल्यासारखं होतं. तिरपी ओळ, लाल चौकोन, हेल्व्हेटिका टाइप, झालं. मजकूर संगीताचा असो नाहीतर रक्तदानाचा, चेहरा तोच.

मला व्हिक्टर मोस्कोसो आवडतो. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९६६-६७ साली रॉक मैफलींची पोस्टर्स करणाऱ्यांपैकी हा एक. येलला जोसेफ आल्बर्स यांच्याकडे रंगशास्त्र शिकलेला. आल्बर्स शिकवत, की विरुद्ध रंग शेजारी ठेवताना सांभाळा, नाहीतर कडा थरथरतात. मोस्कोसोने नेमकी ती थरथर वापरायची ठरवली. भडक लाल आणि निळा, दोघांचा उजेड सारखा, की डोळा कडेवर ठरतच नाही. अक्षरं इतकी फुगवलेली की वाचायला थांबावंच लागतं. आपल्याला शिकवतात, धावत्या माणसाला वाचता आलं पाहिजे. याने धावत्या माणसाला थांबवलं.

मी हे माझ्या स्क्रीन प्रिंटमध्ये रोज वापरते. दोन रंग निवडले की आधी त्यांचा काळापांढरा फोटो काढते. फोटोत दोन्ही एकाच करड्या छटेचे आले, तर ते शेजारी ठेवल्यावर नाचणार. नाचवायचे असतील तर तसेच ठेवायचे, नाहीतर एक गडद करायचा.

ग्रिडवाला

अनुकरणकर्त्यांचं पाप गुरूच्या माथी कशाला? म्युलर-ब्रोकमानचं १९५३ चं रस्ता-सुरक्षेचं पोस्टर शोधा, 'मुलांना जपा' अशा अर्थाचं. अंगावर येणारं अवाढव्य वाहन आणि त्याच्यापुढे धावणारं एवढंसं मूल. फोटो, तिरपी मांडणी, एक ओळ. पोटात गोळा येतो. गारठा म्हणता येईल त्याला?

निळीशाई

बघितलं. नाही म्हणता येणार. पण तिथेही जीव आला तो त्या दोन आकारांच्या तफावतीतून. रकाने मोजून तो आला असता का?

ग्रिडवाला

तफावत नेमकी किती ठेवायची हे मोजल्याशिवाय कसं कळलं असतं?

बिंदुगामी

तुम्ही दोघं असेच भांडत राहा, आमचं शिक्षण होतंय.

तिसरीघंटा

मी चित्रकार नाही, हौशी नाटकवाला. पोस्टरची जबाबदारी मात्र दर वेळी माझ्याच गळ्यात पडते, म्हणून पोलंडकडे वळलो. हेन्रिक तोमाशेव्स्की, यान लेनित्सा, रोमान चेश्लेविच, वाल्देमार श्वेझी. दुसऱ्या महायुद्धानंतर वॉर्सा उद्ध्वस्त झालेलं, कागद वाईट, छपाई त्याहून वाईट, चित्रपट-नाटकांची पोस्टर्स सरकारी संस्था करून घेणार. तिकीटविक्रीची चिंता नसल्यामुळे नटांचे चेहरे छापायची सक्ती नव्हती. मग या मंडळींनी चेहरे सोडून आशयालाच हात घातला. तोमाशेव्स्कीला १९४८ साली व्हिएन्नातल्या प्रदर्शनात पाच पहिली बक्षिसं मिळाली, आणि १९६८ साली वॉर्साच्या विलानूव भागात पोस्टरांचं स्वतंत्र संग्रहालयच उघडलं.

तोमाशेव्स्कीचं १९५९ चं हेन्री मूरच्या शिल्पप्रदर्शनाचं पोस्टर बघा. 'मूर' हे नाव प्रचंड अक्षरांत, कागद कापून केल्यासारखं ओबडधोबड. अक्षरंच शिल्प झाली आहेत आणि त्यातल्या एका अक्षरावर मूरचं खरं शिल्प निवांत बसलंय, एवढंसं. मी जे घेतलं ते हे, की नाटकात काय घडतं ते पोस्टरमध्ये सांगत बसायचं नाही. नाटक बघून बाहेर पडताना पोटात जे उरतं, तेवढंच एका चित्रात आणायचं.

अडचण अशी, की आमच्या संस्थेत आठ नट. प्रत्येकाचा फोटो पाहिजे, आणि सगळ्यांचा सारख्या आकाराचा.

कागदीबाण

आठही जण पाठमोरे घ्या.

जुनाब्रश

तिसरीघंटा, यावर जुना उपाय आहे. मुख्य पोस्टर तुमच्या मनासारखं करा आणि फोटोंसाठी नाट्यगृहाच्या दारात लावायचा वेगळा फलक करा. नटांना फोटो हवा असतो, तो पोस्टरवरच हवा असं नसतं.

मुखपृष्ठ

ग्राहकांचा विषय निघालाच आहे तर अमेरिकन डिझायनर पॉल रँडची आठवण काढतो. स्टीव्ह जॉब्जने 'नेक्स्ट' कंपनीच्या बोधचिन्हासाठी त्याला विचारलं, काही पर्याय दाखवाल ना? रँडने सांगितलं, मी तुमचा प्रश्न सोडवेन आणि तुम्ही मला पैसे द्याल. पर्याय हवे असतील तर दुसऱ्यांशी बोला. १९८६ ची गोष्ट. मग त्याने एकच चिन्ह दिलं आणि सोबत एक सबंध पुस्तिका, हे चिन्ह असंच का, याची पायरी-पायरीने मांडणी केलेली. बहुतेक जण यातला रुबाब लक्षात ठेवतात, मी ती पुस्तिका लक्षात ठेवली. आता मुखपृष्ठ पाठवताना अर्ध्या पानाचं टिपण जोडतो. रंग का, अक्षर का, मोकळी जागा का. 'नाव थोडं मोठं करा' हा निरोप तरीही येतो, पण निदान त्यावर बोलणं होतं.

कागदीबाण

आता जरा गंभीर प्रश्न. 'काय घेतलं' असं सगळे लिहिताय. घेणं कुठे संपतं आणि उचलेगिरी कुठे सुरू होते?

उदाहरण देतो. १९१४ साली ब्रिटनमध्ये सैन्यभरतीसाठी आल्फ्रेड लीटने युद्धमंत्री लॉर्ड किचनरचा चेहरा आणि समोर रोखलेलं बोट काढलं. १९१७ साली अमेरिकेत जेम्स माँटगोमेरी फ्लॅगने तेच बोट अंकल सॅमला, म्हणजे अमेरिकेचं प्रतीक असलेल्या म्हाताऱ्याला, दिलं, चेहऱ्यासाठी आरशात बघून स्वतःचाच नमुना वापरला. १९२० साली रशियात दिमित्री मूरने तेच बोट लाल सैनिकाला दिलं. तिघांचीही पोस्टर्स अजरामर झाली. मग यात चोर कोण?

मुखपृष्ठ

माझ्या मते कोणीच नाही, कारण तिघांना लोकांना एकच गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायची सगळ्यात थेट रीत बोट हीच होती. पण मला यापेक्षा मिल्टन ग्लेझरचं उदाहरण शिकवून जातं. त्याचं १९६६ चं बॉब डिलनचं पोस्टर सगळ्यांनी पाहिलेलं असतं : काळी आकृती एका बाजूने आणि केसांच्या जागी रंगीत वेटोळी. काळ्या आकृतीची कल्पना मार्सेल द्यूशाँच्या स्वतःच्या छायाकृतीवरून घेतली, हे ग्लेझर उघडपणे सांगायचा. वेटोळी इस्लामी चित्रांवरून. दोन्ही गोष्टी दुसऱ्यांच्या, पण त्या एकत्र येऊन जे झालं ते द्यूशाँचंही नाही आणि इस्लामी चित्रकलेचंही नाही. मोस्कोसोच्याच गोतावळ्यातला वेस विल्सन बघा. त्याची ती चौकोनात ठासून भरलेली अक्षरं व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरवरून आली. रोलरने ती विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला काढली होती, गंभीर कलाप्रदर्शनांसाठी. विल्सनने त्यांना आगीच्या ज्वाळांसारखं हलवलं.

उलट बाजूला शेपर्ड फेअरीचं २००८ चं ओबामांचं 'होप' पोस्टर. ते एका वृत्तसंस्थेच्या फोटोवरून केलेलं होतं. त्यावरून कोर्टकज्जा झाला आणि २०११ साली तडजोड झाली. चित्र प्रभावी होतं यात शंका नाही. पण आपण कुठून घेतलं ते पहिल्या दिवशी सांगणं आणि विचारल्यावर सांगणं यात माझ्या लेखी फरक आहे.

शिरोरेषा

@कागदीबाण, तुलूझ-लोत्रेकचं १८९१ चं पॅरिसच्या मूलाँ रूझ या नृत्यगृहाचं पोस्टर बघितलं तर मागचे प्रेक्षक म्हणजे सलग काळी पट्टी आहे आणि पुढचा नर्तक म्हणजे करडी सावली. ही सपाट आकारांची भाषा जपानी लाकडी ठशांच्या चित्रांतून पॅरिसला पोचली. मग १९६५ साली जपानमध्ये तादानोरी योको-ओ उगवत्या सूर्याचे किरण, जुने ठसे आणि पाश्चात्त्य पॉप आर्ट सगळं एकत्र कालवतो. माल इकडून तिकडे गेला आणि परतही आला. कुठे रेघ मारणार?

पण मला वेगळ्याच गोष्टीवर लिहायचं होतं. वरती ग्रिडवरून वाद झाला, त्यात आपल्या लिपीचं कोणी बोललं नाही. स्विस मांडणी रोमन अक्षरांच्या तळरेषेवर उभी आहे. देवनागरी वरून लटकते. वेलांट्या, मात्रा, रफार शिरोरेषेच्या वर, उकार आणि रुकार खाली. दोन ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीतला दीर्घ ऊकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. म्हणून तयार ग्रिड देवनागरीवर नुसता ठेवला की मांडणी ढिली दिसते. मी चौकटी शिरोरेषेपासून खाली मोजते, तळापासून वर नाही. चित्राची वरची कड आणि शिरोरेषा एका पातळीत आणली की पान लगेच घट्ट बसतं. मोठ्या शीर्षकात ओळींमधली जागा सारखी ठेवत नाही. ज्या दोन ओळींमध्ये उकार-वेलांटीची टक्कर नाही त्या जवळ घेते.

हा विचार करायला मला र. कृ. जोशींनी शिकवलं. प्रत्यक्ष नाही, त्यांच्या कामाने. अनेकांना ते विंडोजमधल्या 'मंगल' फाँटमुळे माहीत आहेत, पण त्यांचं सुलेखन बघा. अक्षर वाचायचं आहे की ऐकायचं आहे असा प्रश्न पडतो. आणि सत्यजित राय. १९४३ साली जाहिरात संस्थेत व्हिज्युअलायझर म्हणून लागले, सिग्नेट प्रेससाठी मुखपृष्ठं केली, 'राय रोमन' हा टाइप काढला. चित्रपटकार म्हणून सगळे ओळखतात, पण बंगाली अक्षराला विषयाचं रूप देणं त्यांच्याकडून शिकावं. तिसरे इराणचे रेझा आबेदिनी. फारसी अक्षरांनी माणसाची आकृती भरून टाकतात, आणि मजकूर आणि चित्र असे दोन भाग उरतच नाहीत. रोमन न वापरणाऱ्या लिप्यांनी आधुनिक दिसण्यासाठी रोमनसारखं व्हायची गरज नाही, हा धीर या तिघांनी दिला.

ग्रिडवाला

शिरोरेषेपासून खाली मोजायचं! हे आजच करून बघतो. माझ्या मराठी कामांत वरच्या बाजूला नेहमी एक न आवडणारी पोकळी राहायची, तिचं कारण हेच असणार.

निळीशाई

शिरोरेषा, यावर स्वतंत्र धागा काढा. विनंती नाही, हट्ट आहे.

बिंदुगामी

इतके प्रतिसाद झाले आणि एकाही बाईचं नाव नाही. मी चार सांगते.

पॉला शेर. न्यू यॉर्कच्या पब्लिक थिएटरसाठी १९९४ पासून. लाकडी ठशांची जुनी जाडीभरडी अक्षरं, एकमेकांना खेटून, आडवी-तिरपी, शहराच्या गोंगाटासारखी. ती शैली इतक्या जणांनी उचलली की पुढे तिलाच वेगळी वाट धरावी लागली.

कोरिटा केंट. लॉस एंजेलिसच्या कॉलेजात कला शिकवणारी ख्रिस्ती जोगीण. १९६० च्या दशकात तिने दुकानांतल्या जाहिरातींची वाक्यं, वस्तूंच्या वेष्टनांवरची अक्षरं उचलून स्क्रीन प्रिंट केले आणि त्यांतून युद्धाविरुद्ध, भुकेबद्दल, प्रेमाबद्दल बोलली. विद्यार्थ्यांना ती पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून द्यायची आणि म्हणायची, यातून बघा. आजूबाजूचं सगळं झाकलं जातं, उरतो तो तुकडा. मी हा पुठ्ठा कायम पिशवीत ठेवते. गंजका पत्रा, फाटलेल्या पोस्टराचे थर, गोणीवरचे छापील आकडे, यांतून बघितलं की मांडण्या आपोआप दिसतात. माझी निम्मी रंगसंगती तिथून येते.

मार्गारेट कॅल्व्हर्ट. जॉक किनेअरबरोबर ब्रिटनच्या रस्त्यांवरच्या पाट्या तिने केल्या, १९६५ पासून लागू झाल्या. शाळेच्या जुन्या पाटीवर टोपीवाला मुलगा मुलीला घेऊन चाललेला होता. कॅल्व्हर्टने मुलीला मोठं केलं आणि तिच्या हातात लहान मुलाचा हात दिला. ती मुलगी तिने स्वतःच्या लहानपणीच्या फोटोवरून काढली.

आणि सुझन केअर. १९८४ च्या मॅकिंटॉशची चिन्हं, बत्तीस बाय बत्तीस ठिपक्यांत. आलेखाच्या वहीत एकेक चौकोन भरून तिने घड्याळ, कचरापेटी, हसरा संगणक काढला. कमांड कळीवरचं ते चार फासांचं चिन्ह तिला चिन्हांच्या कोशात सापडलं. उत्तरेकडच्या देशांत प्रेक्षणीय स्थळाच्या पाटीवर ते वापरतात.

ग्रिडवाला

नावं उत्तम, पण रस्त्यावरची पाटी आणि संगणकावरचं चिन्ह याला पोस्टर कसं म्हणायचं?

बिंदुगामी

धाग्याच्या शीर्षकात 'डिझायनर' आहे, परत वाचा. आणि तसंही, गाडी वेगात आहे, बघायला दोन सेकंद आहेत आणि चुकीचं वाचलं तर जीव जाईल. पोस्टरची याहून कडक परीक्षा कोणती?

ग्रिडवाला

मान्य. पूर्ण मान्य.

अर्धविराम

रात्री म्हणालो होतो, कोणती ते म्हणालो नव्हतो. आता लिहितो.

कासांद्र. खारकीव्हमध्ये १९०१ साली जन्मलेला, पॅरिसमध्ये शिकलेला. १९२७ साली त्याने एका आगगाडीचं पोस्टर केलं, 'उत्तरेचा तारा' या नावाच्या. त्यात आगगाडीच नाही. नुसते रूळ, एकमेकांत मिसळत, लांब जात क्षितिजावर मिळणारे, आणि तिथे एक तारा. आता आठवा, त्या काळच्या रेल्वेच्या पोस्टरांवर डोंगर, समुद्रकिनारे, टोप्या घातलेल्या बायका असायच्या. याने लोखंडाच्या पट्ट्या दाखवल्या आणि प्रवासाची हुरहुर लावली. १९३५ चं 'नॉर्मांडी' जहाज : नाळ सरळ समोरून, अगदी खालून बघितल्यासारखी, आभाळाएवढी. ते किती मोठं आहे हे सांगायला त्याने तळाशी पाण्यालगत चिमुकले पक्षी काढले. ते पक्षी झाकून बघा (रेघोटी, तुमचीच रीत), जहाज खेळण्यातलं होतं. म्हणजे झाकून बघितल्यावर काय ठेवायलाच हवं तेही कळतं.

आणि १९३२ चं द्यूबोने पेयाचं पोस्टर. तीन चित्रं शेजारी. पहिल्यात माणूस पेल्याकडे बघतोय, फक्त हात आणि डोळ्याचा भाग रंगीत. दुसऱ्यात पितोय, रंग पोटापर्यंत आलाय. तिसऱ्यात पेला पुन्हा भरतोय आणि सगळा माणूस रंगलाय. खाली नावाची अक्षरंही तशीच भरत जातात. चालत्या वाहनातून दिसेल असा विचार करून केलेली मांडणी, माणूस पुढे सरकतो तशी गोष्ट पुढे सरकते.

माझ्या कामात काय आलं? कासांद्र म्हणायचा की पोस्टरकार हा तारमास्तरासारखा असतो, निरोप त्याचा नसतो, त्याने तो पोचवायचा. त्यामुळे तो चित्राआधी शब्दांपासून सुरुवात करायचा. मी पण मजकुरापासून सुरू करतो. पोस्टरवर जाणारे सगळे शब्द, तारीख-वेळ-स्थळासकट, आधी हाताने कागदावर लिहितो, मग त्यांतला कोणता शब्द सगळ्यात दुरून दिसला पाहिजे ते ठरवतो. चित्र त्या शब्दाच्या आकारातून निघतं. असं केल्यापासून 'चित्र सुंदर झालं पण मजकूर कुठे बसवू' ही वेळ येत नाही.

जुनाब्रश

अर्धविराम, वाट बघायला लावलीत पण सार्थकी लागली. शब्दांपासून सुरुवात म्हणालात त्यावरून क्यूबाचा फेलिक्स बेल्त्रान आठवला. १९६८ चं वीज वाचवण्याचं पोस्टर. सगळ्या पोस्टरभर एकच शब्द, 'क्लिक', बटण बंद केल्याचा. दिवा नाही, बटण नाही, हात नाही. हे बघितलं आणि मी चार दिवस दुसऱ्या कशाचा विचार केला नाही.

रेघोटी

सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले आहेत. पक्षी झाकून बघितले, जहाज खरंच खेळण्यातलं झालं. माझी झाकून बघायची रीत फक्त काढून टाकण्यासाठी होती, आता दोन्हीकडून वापरेन.

कागदीबाणच्या प्रश्नावर माझं मत : दुसऱ्याच्या पोस्टरवरून तुम्ही जी गोष्ट घेतलीत ती एका वाक्यात सांगता येत असेल ('आकारांतली तफावत', 'शब्द आधी', 'पोकळीची काळजी') तर ती बिनधास्त घ्यावी. सांगताच येत नसेल, नुसतं चित्रच दाखवावं लागत असेल, तर बहुधा आपण त्याचं बाह्यरूप घेतोय. या धाग्यात बहुतेकांनी एका वाक्यात सांगितलं म्हणून मला इतका आनंद झाला.

निळीशाई

पटलं, पण पूर्ण नाही. मोस्कोसोच्या रंगांची थरथर मला वाक्यात सांगता येते, पण ती बघितल्यावर अंगात जे होतं ते येत नाही, आणि मी काम करते ते त्यासाठीच.

तिसरीघंटा

जुनाब्रश यांचा वेगळ्या फलकाचा उपाय संस्थेत मांडला. आठांपैकी सात तयार. आता मुख्य पोस्टरचं सांगा. नाटक युद्धावरून परतलेल्या माणसाचं आहे. माझ्या डोक्यात बंदूक, हेल्मेट, पाठीवरची पिशवी एवढंच येतंय आणि सगळं हजार वेळा बघितलेलं.

शिरोरेषा

शिगेओ फुकुदाचं 'व्हिक्टरी १९४५' बघा, १९७५ साली केलेलं. पिवळी पार्श्वभूमी, तिरपी काळी तोफेची नळी, आणि गोळा उलटा, नळीच्याच दिशेने परत येणारा. त्याने हजार वेळा बघितलेलीच वस्तू घेतली आणि तिची फक्त दिशा बदलली. तुमच्या यादीतल्या तिन्ही वस्तू एकेक करून उलट्या, रिकाम्या, चुकीच्या जागी, चुकीच्या आकारात काढून बघा. काडेपेटीएवढ्या चौकोनांत काढा, म्हणजे तपशिलात अडकणार नाही. हेल्मेट उलटं ठेवलं की ते भांडं होतं, तिथून काही निघेल असं वाटतं.

तिसरीघंटा

उलटं हेल्मेट! माणूस घरी येऊन त्यात रोप लावतो असा प्रवेशच आहे दुसऱ्या अंकात. काढायला बसतो.

मुखपृष्ठ

रोप काढू नका हो, प्रेक्षकांसाठी ठेवा. नुसतं उलटं हेल्मेट आणि आत माती पुरेशी आहे.

कागदीबाण

आणि आठवा नट?

तिसरीघंटा

त्याला म्हटलं, हेल्मेट तुझंच आहे. तयार झाला.

नवापिंप

पहिल्यांदाच लिहितोय. यातली निम्मी नावं मला नवीन आहेत. ही पोस्टर्स मोठ्या आकारात कुठे बघायला मिळतील? शोधल्यावर बोटाएवढी, कडा कापलेली चित्रं येतात.

ग्रिडवाला

संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर जा. न्यू यॉर्कचं मोमा, लंडनचं व्ही अँड ए, झुरिकचं म्युझियम फ्युर गेश्टाल्टुंग, तिघांचेही संग्रह ऑनलाइन आहेत, चित्रकाराच्या नावाने शोधता येतात. जुन्या पोस्टरांसाठी अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस. चित्राखाली आकार दिलेला असतो तो जरूर वाचा. स्विस पोस्टर ९०.५ बाय १२८ सेंटिमीटरचं असतं. भिंतीवर टेपने एकदा तेवढा चौकोन आखा आणि मग मोबाइलवरच्या चित्राकडे बघा. त्या लहान वाटणाऱ्या मजकुराचा खरा आकार किती असेल ते तेव्हा कळतं.

नवापिंप

आखला. दारापेक्षा रुंद आहे हा!